चिकटताईंचा शिशाचा डबा

हॉस्पिटलच्या लिफ्टमधलं अगदी खालचं बटण दाबलं की जे तळघर लागतं, तिथे त्या सव्वीस वर्षं नोकरी करत होत्या. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठीमागे चिकटताई. हे नाव त्यांच्या कानावर आलं नव्हतं अशातला भाग नाही, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. टूथपेस्टची नळी संपली की त्या ती कात्रीने उभी कापत आणि आणखी चार दिवस काढत. आलेली पाकिटं उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहीत. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवत. नवऱ्याची बेकरी होती. तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे की आमच्या घरात केराची टोपली निव्वळ शोभेला आहे.

अशा बाईला देवाने नोकरी दिली ती नेमकी अशा खात्यात, जिथे रोज डोळ्यांदेखत चांगलं औषध फेकावं लागतं.

खात्याचं नाव न्यूक्लिअर मेडिसिन. तिथे पेशंटच्या शिरेत थोडं किरणोत्सारी औषध देतात. ते हाडांत, किडनीत नाहीतर गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीत जाऊन बसतं, आणि तिथून जे किरण बाहेर पडतात ते टिपून कॅमेरा चित्र काढतो. एवढं गुणी औषध, पण त्याला एक खोड आहे. तयार झाल्या क्षणापासून ते मरायला लागतं. सहा तासांत निम्मं, पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं. फ्रीजमध्ये ठेवा, कपाटात ठेवा, देव पाण्यात घालून बसा, ते थांबत नाही.

हे औषध यायचं गाईतून. गाय म्हणजे बादलीएवढा, शिशाने मढवलेला, दोन माणसांना उचलताना घाम फुटेल असा डबा. दर सोमवारी नवी गाय येई. रोज सकाळी आठ वाजता तिच्यातून मिठाचं पाणी खेचून घेतलं की पलीकडच्या बाटलीत औषध उतरे, आणि याला सगळे जण, अगदी परदेशात शिकून आलेले डॉक्टरसुद्धा, धार काढणं म्हणत. गाईच्या पोटात औषध दिवसभर पुन्हा साचत राही, पण रोज थोडं कमी. आठवडा संपेपर्यंत ती आटत आलेली असे.

आणि त्या धारेतलं जे वापरलं जाणार नाही ते शिशाच्या दुसऱ्या एका डब्यात टाकायचं. तिथे ते थंड पडेपर्यंत ठेवायचं, मग साध्या कचऱ्यात. डब्याशेजारी एक रजिस्टर. त्यात तारीख, किती उरलं, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. या रकान्यात वर्षानुवर्षं सगळे जण एकच शब्द लिहीत आले होते : शिल्लक. ताईंनीही तेच लिहिलं.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या हातून एक गोष्ट घडली होती. एक म्हातारे शिंपी आले, हाडांच्या तपासणीसाठी. तळघरात उतरून चुकीच्या बाजूला वळले, शवागाराच्या दारात जाऊन उभे राहिले, तिथून घाबरून पुन्हा वर गेले. विचारत विचारत खात्यात पोचेपर्यंत त्यांना दोन तास उशीर झाला. त्यांच्या नावाचं औषध अशक्त झालं होतं आणि नवं काढण्याएवढं बाटलीत नव्हतं. त्यांना परत पाठवायचं काम नव्या मुलीवर, म्हणजे ताईंवर आलं. शिंपी हात जोडून म्हणाले, "चूक माझीच, मला उशीर झाला." मग सिरिंजकडे बघून हसले आणि म्हणाले की आमच्याही धंद्यात सुईवरच पोट चालतं. पुढच्या आठवड्याची चिठ्ठी घेऊन ते गेले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. त्या दिवशी शिशाच्या डब्यात तीन अर्धवट भरलेल्या सिरिंज पडल्या होत्या आणि रजिस्टरमध्ये ताईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, शिल्लक.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण सव्वीस वर्षं तो शब्द लिहिताना पेन अडखळायचं.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला एक तर देवदेव सुचतो नाहीतर वाद घालायची हिंमत येते. ताईंना दुसरं झालं. एका सोमवारी त्यांनी ‘शिल्लक’ लिहायचं बंद केलं आणि खरं कारण लिहायला सुरुवात केली. ‘पेशंट शवागाराकडे गेला.’ ‘पेशंटला वेळ नऊची सांगितली, चिठ्ठीवर अकरा लिहिले.’ ‘पेशंट बाहेर बसला होता, कोणी नाव पुकारले नाही.’ ‘एका पेशंटसाठी चार जणांची बाटली फोडली.’ चार महिन्यांत रजिस्टर असं झालं की फाइल न्यायला आलेले वॉर्डमामा ते उभ्याउभ्या वाचून हसत बसायचे.

हसून झाल्यावर मामाच पहिले कामाला लागले. बाळंतिणींच्या वॉर्डला रंग दिला होता, त्यातला पिवळा डबा अर्धा उरला होता. उरलेला म्हटल्यावर ताईंचे डोळे चमकलेच. दोघांनी मिळून लिफ्टच्या दारापासून खात्याच्या दारापर्यंत जमिनीवर पिवळी पावलं उमटवली. मापाला मामांची चप्पल वापरली, त्यामुळे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा वाकडं आलं. पण त्या दिवसापासून शवागारात एकही जिवंत माणूस चुकून गेला नाही.

एका बाटलीचं कोडं घरी सुटलं. औषध हाडात जाणार की किडनीत, हे ठरतं ते त्यात मिसळलेल्या पावडरीवरून. पावडरीची बाटली एकदा औषध घालून फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, आणि एका बाटलीत चार-पाच पेशंट सहज होतात. खात्यात मात्र पेशंट मागेल तो दिवस द्यायची पद्धत. ताई नवऱ्याला हे सांगत होत्या. तो परातीत हात घालून पीठ मळत होता. त्याने मानही वर न करता विचारलं, "म्हणजे तुम्ही एका पावासाठी अख्खी भट्टी पेटवता?"

दुसऱ्या दिवशी ताई खिडकीवर चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हाडांचे पेशंट एका दिवशी, किडनीचे दुसऱ्या दिवशी, थायरॉइडचे तिसऱ्या दिवशी अशी सगळी यादी फिरवून घेतली. डबा निम्म्याने हलका झाला. नवऱ्याने महिनाभर घरात असा रुबाब केला, जणू खातं त्याच्याच भट्टीवर चालतंय.

आणि मग ते पत्र आलं. दूर कुठेतरी जिथे या गाई भरल्या जातात, तिथली अणुभट्टी बिघडून बंद पडली होती. त्या सोमवारी नवी गाय येणार नव्हती. पुढच्या सोमवारी येईल, नक्की. हातात होती ती आठवडाभर दुभलेली, आटत आलेली जुनी गाय, आणि त्या आठवड्याच्या यादीत होते एकोणीस पेशंट.

हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी शुक्रवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांना फोन करा, पुढचे दोन आठवडे भरलेत, तीन आठवड्यांनंतरच्या तारखा द्या. खात्याच्या डॉक्टरांनीही मान हलवली. ते ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि मनाचे चांगले, पण साहेब म्हणतील त्याला हो म्हणायची सवय. ताईंच्या डोळ्यांसमोर यादी होती. तिच्यात सतरा नंबरला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं. आजार हाडांपर्यंत गेला नाही एवढं चित्रात दिसलं तरच सर्जन हात लावणार होते, आणि तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

"साहेब, एकालाही परत पाठवायचं नाही," ताई म्हणाल्या. "मला हा आठवडा द्या."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवरचं घड्याळच बोललं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले की गणित बसत नाही, चौदाच्या वर पेशंट होणार नाहीत. ताई म्हणाल्या, गणित बसवायला सोमवारपर्यंत वेळ आहे. साहेबांना घरी जायची घाई होती, म्हणून ते हो म्हणाले.

त्या संध्याकाळी खात्याच्या टेबलाशी तिघं बसले : ताई, डॉक्टर आणि किरणांची मापं सांभाळणारे फिजिक्सवाले काका. काका असे, की स्वतःच्या मुलीच्या लग्नातही हॉलची लांबीरुंदी मोजून आले होते. ताईंनी रजिस्टर उघडलं. त्यांना एक गोष्ट कळत नव्हती. ज्या दिवशी सगळे पेशंट वेळेवर येतात, बाटली पूर्ण वापरली जाते, त्या दिवशीही प्रत्येक सिरिंजच्या तळाशी थोडं औषध उरतंच आणि डब्यात जातं. ते येतं कुठून?

डॉक्टर जरा घुटमळले. मग म्हणाले की पुस्तकात जेवढं दिलंय त्यापेक्षा मी चिठ्ठीवर किंचित जास्त लिहितो, न जाणो पेशंटला उशीर झाला तर. काकांनी चष्मा काढला. ते म्हणाले, डॉक्टरांच्या आकड्यावर मी तक्त्यात थोडं वाढवतो, उशिरासाठीच. मग दोघांनी ताईंकडे पाहिलं. आणि साबणाचा तुकडा न फेकणाऱ्या, पाकिटं उलटी करून वापरणाऱ्या त्या बाईच्या लक्षात आलं, की सव्वीस वर्षं आपणही सिरिंज भरताना दट्ट्या दोन रेघा जास्त ओढतोय. न जाणो उशीर झाला तर.

तीन माणसं, एक उशीर, आणि त्याची सोय तीनदा. भाजीत तिघांनी गुपचूप मीठ घालावं आणि प्रत्येकाला वाटावं की आपण एकट्यानेच घातलंय, तसला प्रकार. पेशंट वेळेवर आला की तेवढं द्यायचं नसे, म्हणून मागे राहिलेलं डब्यात. काकांनी बेरीज करून सांगितलं की चार पेशंटांसाठी काढलेल्यात पाचवा आरामात बसला असता. ताईंना एवढी लाज वाटली की त्या उठून नळाखाली हात धुवून आल्या. हात स्वच्छच होते.

"आपण चिकट नाही," त्या परत येऊन म्हणाल्या. "आपण भित्रे आहोत."

मग ठरलं. पुस्तकातला आकडा, पेशंटच्या वजनाप्रमाणे, त्यावर कोणी एक थेंब वाढवायचा नाही. जिथे डॉक्टरांना चालेल तिथे औषध थोडं कमी आणि कॅमेऱ्याखाली वेळ थोडा जास्त. गाय ताकदवान असेल तोवर जास्त औषध लागणारे हाडांचे पेशंट, सोमवारी आणि मंगळवारी. आटत जाईल तसे किडनीवाले आणि थायरॉइडवाले. एकोणीस बसले. बसले म्हणजे असे बसले, की बाकावर विसावा माणूस आणायची सोय नाही. एकजण जरी चुकला तर त्याच्या वाटणीचं औषध मरणार आणि त्याला दुसरं मिळणार नाही. खिडकीवरच्या मुलीने एकोणीसही जणांना दोन-दोनदा फोन केले.

सोमवार सुरळीत गेला. मंगळवारी सकाळी फोन वाजला, आणि फोनवर त्याच शिक्षिका. गावाबाहेरचा पूल खचला होता, बस बंद, कधी सुरू होईल माहीत नाही. बाटली फोडलेली होती, त्यांची वाटणी आत होती. ताईंनी एक क्षण डोळे मिटले. मग यादीत बोट फिरवलं. नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना कुठला पेशंट कुठे राहतो हे पाठ होतं. मंगळवारपर्यंत न बसल्यामुळे बुधवारवर टाकलेला हाडांचा एक पेशंट म्हणजे चौकातला केशकर्तनालयवाला, पाच मिनिटांवर. मामा धावतच गेले आणि त्याला ॲप्रनसकट घेऊन आले. त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलं होतं ते तसंच राहिलं. औषध वाया गेलं नाही. पण आता राहिल्या बाई. बुधवारची ती जागा पूल सुरू झाल्याशिवाय त्यांच्या उपयोगाची नव्हती. किडनीवाले तिथे पुढे सरकले आणि बाई गेल्या एकदम शेवटी, शुक्रवारी, गाय सगळ्यात आटलेली असेल त्या दिवशी.

गुरुवारी एकोणीसपैकी सोळा झाले होते. संध्याकाळी बाईंचा निरोप आला : पूल उद्या उघडतोय, पहिली बस धरते, पण पोचायला साडेबारा वाजतील.

डॉक्टरांनी तिथेच खुर्चीत अंग टाकलं. आठला काढलेली धार साडेबारापर्यंत रुपयातले जेमतेम साडेनऊ आणे उरणार, आणि ही धार आधीच पातळ. ते म्हणाले, "ताई, आपण पुष्कळ केलं. अठरा म्हणजे काही कमी नाहीत."

ताई गाईकडे बघत उभ्या होत्या. आठ वाजता धार काढायची. सव्वीस वर्षं, त्यांच्या आधीच्या बाईंच्या काळातही, आठ म्हणजे आठ. का आठ? कारण ओपीडी आठला उघडते. गाईला कुठे ओपीडी माहीत आहे?

"औषध बाटलीत मरतं," त्या सावकाश म्हणाल्या. "गाईच्या पोटात ते भरत असतं. मग उद्या आठला धार काढायचीच नाही. बाई खुर्चीवर बसल्या की काढू."

काकांनी कागद ओढला, आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग कागद डॉक्टरांसमोर सरकवला. साडेबाराला काढलेली धार बाईंना आणि उरलेल्या दोन थायरॉइडवाल्यांना बरोबर पुरत होती. बरोबर म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत. डॉक्टरांनी सही केली. खिडकीवरच्या मुलीने त्या दोघांनाही साडेबाराला बोलावलं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजले आणि गाय तशीच बसून राहिली. नऊ वाजले, दहा वाजले. ताईंना काही सुचेना. त्यांनी धुतलेलं टेबल परत धुतलं. मामा अकरापासून वर दारात उभे होते. बाराला दोन्ही थायरॉइडवाले येऊन बसले. साडेबारा वाजले, एकला दहा कमी झाले. ताई लिफ्टसमोर, पहिल्या पिवळ्या पावलापाशी जाऊन थांबल्या.

लिफ्ट उघडली. मामांचा हात धरून एक लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या, काखेत छत्री, छातीशी रिपोर्टांची पिशवी. श्वास लागलेला. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि हात जोडले.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या, "मला उशीर झाला."

सव्वीस वर्षांपूर्वी यावर काय उत्तर द्यायचं ते ताईंना माहीत नव्हतं. आज माहीत होतं.

"तुम्हाला उशीर झालेला नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच थांबलोय. अजून धार काढायची आहे."

बाई खुर्चीवर बसल्या, मग धार काढली. मापयंत्रावर आकडा आला तो काकांच्या कागदावरचाच. ताईंनी सिरिंज भरली आणि दट्ट्या रेघेवर आणून थांबवला. वर एक केसभरही नाही. दोघा थायरॉइडवाल्यांना त्यांची वाटणी गेली, आणि बाटली उलटी केली तरी काही पडेना.

औषध हाडांत मुरायला तीन तास लागतात. बाईंनी तेवढ्यात पाणी पिऊन पिऊन खिडकीवरच्या मुलीचं व्याकरण सुधारलं. मग कॅमेऱ्याखाली. डॉक्टरांनी समजावलं की औषध कमी आहे म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ, चांगली चाळीस मिनिटं, अजिबात न हलता पडून राहावं लागेल. बाई म्हणाल्या, मी चाळीस वर्षं पोरांना हलू नका म्हणून दटावलंय, आता माझी पाळी. आणि अशा पडून राहिल्या, की डॉक्टरांनी दोनदा काचेतून वाकून श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

चित्र हळूहळू पडद्यावर उतरलं. कवटी, खांदे, एकेक बरगडी, मणक्यांची सरळ रांग. स्वच्छ. कुठे डाग नाही, कुठे काळं नाही. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन उचलून सर्जनला सांगितलं की सोमवारचं ऑपरेशन करा, हाडं निर्मळ आहेत. फोन ठेवला आणि ते मोठ्याने हसले. मामांनी खात्याच्या दारातच अशी टाळी वाजवली की शेजारच्या शवागारातला माणूस काय झालं ते बघायला आला. त्याला सांगितलं, एकोणीस झाले. त्याला काही कळलं नाही, पण त्यानेही टाळी वाजवली. बाई कपडे बदलून आल्या. ताईंचा हात दोन्ही हातांत धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

अधीक्षक पाच वाजता खाली आले. सव्वीस वर्षांत साहेब तळघरात पहिल्यांदाच उतरत होते, आणि पिवळी पावलं नसती तर तेही शवागारात गेले असते. त्यांनी यादी पाहिली, मग रजिस्टर मागितलं आणि मागची पानं वाचत बसले. जाताना म्हणाले की ही यादी लावायची पद्धत, ही मापं, हे सगळं इथे कायम चालू राहू दे, आणि ताईंनी ते बाकीच्या हॉस्पिटलांतल्या लोकांनाही शिकवावं. मग दारातून मागे वळून, जरा लाजत विचारलं, "तुम्हाला सगळे चिकटताई म्हणतात, ते खरं का?"

"हो," ताई म्हणाल्या. "आणि मला आवडतं."

सगळे गेल्यावर त्यांनी शिशाच्या डब्याचं झाकण उचललं. आत दिवसभराच्या तीन सिरिंज होत्या, तिन्ही रिकाम्या. त्यांनी रजिस्टर ओढलं. तारीख लिहिली. किती उरलं, तिथे शून्य लिहिलं. मग पेन शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं. त्यांना शिंप्यांचं हसू आठवलं, त्यांची घडी घातलेली चिठ्ठी आठवली. डोळे पुसून त्यांनी ‘कारण’ या रकान्यात लिहिलं : कोणालाही परत पाठवले नाही.